बिऱ्हाडांसकट घेतलेलं घर

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतली ती माडी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा खाली दोन दुकानं उघडी होती, वरच्या खिडकीत नऊवारी लुगडं वाळत होतं आणि जिन्याखाली लहान मुलाची तीनचाकी सायकल उभी होती. एजंट मला घर दाखवत होता. दगडी जोतं, सागवानी तुळया, मागं परडं, परड्यात एक बंद खोली. माझं लक्ष मात्र त्या लुगड्याकडं आणि सायकलीकडं जात होतं.

"भाडेकरू किती आहेत?" मी विचारलं.

"चार. पण त्येंचं टेन्शन घेऊ नकासा ताई. खरेदी होऊ द्या, दोन म्हयन्यात रिकामं करून देतो."

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हापासून निदान सहा-सात ओळखीच्यांनी मला विचारलं असेल, की भाडेकरू असलेली जागा स्वस्तात मिळतेय, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवावं म्हणून बसलेय. मी वकील नाही. एकोणीस वर्षं मंगळवार पेठेतल्या घरातून कांदा-लसूण मसाला करून विकतेय, त्याचंच दुकान काढायला म्हणून जागा बघत होते. पण हा व्यवहार मी स्वतः केला, त्यातल्या चुकाही माझ्याच आहेत, आणि ज्या गोष्टी कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या त्या मला आता ठाऊक आहेत.

किंमत ठरली ४६ लाख. हीच माडी रिकामी असती तर सत्तरच्या पुढं गेली असती, असं एजंटच सांगत होता. माझी साठवण, भिशी, आमच्या ह्यांचे निवृत्तीचे पैसे आणि वर कर्ज, असं सगळं मिळून कसंबसं ४६ पर्यंत जात होतं. सत्तर लाखांचं घर मी कधीच घेऊ शकले नसते. म्हणजे हे घर माझ्या आवाक्यात आलं ते त्या चार बिऱ्हाडांमुळं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वरच्या चोवीस लाखांची सूट मिळाली ती त्या चौघांचा तिथं राहण्याचा हक्क आहे म्हणून. सूट तेवढी घ्यायची आणि हक्क मात्र मानायचा नाही, हे मला कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आमच्या वकीलबाई इथल्याच कोर्टात पंचवीस वर्षं दिवाणी कामं बघतात. त्यांच्याकडं गेले तेव्हा मला वाटलं, त्या आधी प्रॉपर्टी कार्ड मागतील. त्यांनी विचारलं, "भाडेकरूंना भेटलात का?"

"नाही. मालक म्हणतात, खरेदी होईपर्यंत त्यांना काही सांगू नका."

"मग इसाराची आगाऊ रक्कम देऊ नका. आधी प्रत्येकाच्या दारात जाऊन या. कागद आपण नंतर बघू."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या १०९ व्या कलमाप्रमाणं जागा विकली म्हणून भाडेकरार मोडत नाही. विकणारा बाजूला होतो आणि त्याच्या जागी, त्याच अटींवर, घेणारा उभा राहतो. त्यानं भाडेकरूला जे कबूल केलं असेल ते आता तुम्ही कबूल केल्यासारखं. त्यात आपल्या महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानं जुन्या भाडेकरूंचं संरक्षण पुढं चालू ठेवलं. "तुम्ही भिंती विकत घेताय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "जुन्या मालकानं गेल्या पन्नास वर्षांत जे जे तोंडानं बोलून ठेवलंय ते सगळं विकत घेताय. आणि ते बोलणं सिटी सर्व्हेच्या ऑफिसात मिळत नाही."

मालकांना मी स्पष्ट सांगितलं, भाडेकरूंशी बोलल्याशिवाय इसार नाही. ते नाराज झाले, पण तयार झाले. त्यांनी वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. वरची खोली, भाडं ३१०. वरची डावी बाजू, ७,०००, डिपॉझिट तीस हजार. झेरॉक्सचं दुकान, ६,५००, डिपॉझिट चाळीस हजार. फ्रेमचं दुकान, २,२००, डिपॉझिट नाही. बाकी कागद? "पुरात गेले ओ," म्हणाले. हे मात्र खरं होतं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या वर गेलं की धोका पातळी ओलांडली म्हणतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेली पावतीपुस्तकांची स्थळप्रत कुजून गेली होती.

म्हणजे त्या घरात कोण कसं राहतंय याचा पुरावा आता फक्त भाडेकरूंकडंच उरला होता.

वरच्या खोलीत आक्का राहतात. वय ऐंशीच्या पुढं. मी गेले तेव्हा त्यांनी चहा ठेवला, मी नको म्हटलं तरी ठेवला, आणि मग विचारलं, "तुमी घेणार काय हे घर?" हो म्हटल्यावर उठल्या आणि बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात तारेला ओवलेल्या भाडेपावत्या होत्या. सगळ्यात खालची १९७१ ची, बावीस रुपयांची. मधे एकही महिना गाळलेला नव्हता. पावत्यांच्या खाली घडी घातलेला एक पिवळा कागद होता, जुन्या मालकाच्या वडिलांच्या अक्षरातला, १९७१ चाच. त्यात लिहिलं होतं की ही खोली अमुक यांना "परवानगीने राहण्यास" दिली आहे.

मी त्या कागदाचा फोटो काढला. एजंटला दाखवल्यावर तो खूश झाला. "परवानगी म्हंजे लायसन्स! भाडेकरू न्हाईच ही म्हातारी. नोटीस काढली की संपलं!"

वकीलबाईंनी फोटो बघितला आणि मान हलवली. १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख लक्षात ठेवा म्हणाल्या. त्या दिवशी जो कुणी चालू परवान्यावर, म्हणजे लायसन्सवर, एखाद्या खोलीत राहत होता, त्याला जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीनं भाडेकरूच ठरवलं. कलम १५-अ. आक्कांच्या यजमानांची परवानगी १९७१ ची आणि ते त्या तारखेला तिथंच राहत होते, पावत्या सांगतातच. ते १९९८ मध्ये वारले. भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडं भाडेपट्टा येतो. म्हणून आज भाडेकरू आक्का. एजंट ज्या कागदावर खूश झाला होता तोच कागद आक्कांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा होता.

कोल्हापुरात अशा जुन्या माड्या शेकड्यांनी आहेत आणि असे पिवळे कागदही. कुणी तुम्हाला "हे नुसतं लायसन्स आहे" असं सांगितलं तर आधी कागदावरची तारीख बघा.

मी निघताना आक्कांनी विचारलं, "काढणार हाईसा काय मला? ह्या खोलीत माझी तीन बाळंतपणं झाली. हे गेले ते बी हितनंच." मी म्हणाले, "नाही आक्का." व्यवहार ठरला नव्हता, इसार दिला नव्हता, आणि मी शब्द देऊन बसले. वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, कायदाही तेच म्हणतो. जो भाडेकरू ठरलेलं भाडं आणि मान्य वाढ देतो, द्यायला तयार आहे, आणि बाकी अटी पाळतो, त्याला सहसा काढता येत नाही. थकबाकी असली तरी आधी लेखी मागणी करायची आणि नव्वद दिवस वाट बघायची. मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असली तर दावा लावता येतो, पण मग कोर्ट दोघांची अडचण तोलून बघतं. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईसमोर माझी कसली अडचण उभी राहणार होती?

आणि भाडं वाढवायचं म्हणाल तर कायद्यानं वर्षाला चार टक्के. ३१० रुपयांवर १२ रुपये ४० पैसे. माझ्या जावेला हे ऐकून हसू आलं होतं. पण मी घर घेतलं तेव्हा आक्कांच्या खोलीचं भाडं शून्यच धरून हिशेब केला होता, आणि माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं. जुन्या भाडेकरूचं भाडं उत्पन्नात धरू नका, हप्ता बाकीच्यातून निघत असेल तरच पुढं जा.

शेजारच्या दोन खोल्यांत एक जोडपं आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, ती सायकल तिची. बाई एका दवाखान्यात नर्स, तिचा नवरा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात. त्यांचा कागद चारही जणांत सगळ्यात नीटनेटका, रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायचा परवाना, चौदा महिने शिल्लक. मला वाटलं, इथं तरी काही प्रश्न नाही. इथंच मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. भाडेपट्टा नव्या मालकावर बंधनकारक असतो, पण लायसन्सचं तसं नसतं! १८८२ चाच दुसरा एक कायदा आहे, सुविधाधिकाराचा, ज्याला वकील इझमेंट्स अ‍ॅक्ट म्हणतात. त्याच्या ५९ व्या कलमात म्हटलंय की परवाना देणाऱ्यानं जागा विकली तर घेणारा निव्वळ घेणारा म्हणून त्या परवान्याला बांधील नाही. म्हणजे रजिस्टर कागदच नसलेल्या आक्का सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात चोख कागद असलेली ही पोरं सगळ्यात उघड्यावर.

मी त्या मुलीला हे सांगितलं नाही. पण ज्यांनी प्रामाणिकपणं रजिस्ट्रेशन केलं, पोलिसांत माहिती दिली, वेळेवर भाडं भरलं, त्यांनाच मालक बदलल्यामुळं पोरीची शाळा अर्ध्यात सोडायला लागावी हे मला पटलं नाही. खरेदीनंतर महिन्याभरात त्याच भाड्यानं, तेवढ्याच चौदा महिन्यांसाठी माझ्या नावानं नवा लिव्ह अँड लायसन्स केला. घरबसल्या ऑनलाइन होतो, अंगठा आणि आधार लागतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का, ते तीनशेच्या आसपास आलं. तेराशे-चौदाशे रुपयांत एका घराची झोप परत आली.

मालकासाठीही रजिस्टर कराराचा मोठा फायदा आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस उठला नाही, तर भाडे कायद्याच्या २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, आणि तोवर त्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते. पण हे फक्त राहत्या जागेला. दुकानगाळ्याला ही वाट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

आता झेरॉक्सवाला. पोरगा गुणी, कामाला चोख. २०१६ साली शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का. अकरा महिने संपले आणि कुणीच पुढं काही केलं नाही, भाडं मात्र दर महिन्याला जात राहिलं. आपल्याकडं "नोटरी केलंय" म्हणजे सगळं झालं असं समजतात. भाडे कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणं करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे त्या पोरानं मला जे सांगितलं ते ऐकून घेणं हे माझ्या भल्याचंच होतं.

त्यानं सांगितलं, "वहिनी, २०२१ च्या पुरानंतर फरशी, वायरिंग सगळं मी केलंय, छत्तीस हजार गेलं. मालक म्हणाले महिन्याला पाचशे कापून घे. म्हणून मी सहाच हजार भरतोय." फोनवरच्या भरण्याच्या नोंदी दाखवल्या, दर महिन्याला सहा हजार. मालकांच्या वहीच्या पानावर साडेसहा हजार. कापून घ्यायचे तेवीस हजार अजून बाकी होते. मालकांना विचारल्यावर म्हणाले, "हां, ते हाय खरं, इसरलो." विसरले असतील. पण मी त्या पोराकडं गेले नसते तर ते तेवीस हजार पुढची चार वर्षं माझ्या भाड्यातून गेले असते आणि मी त्यालाच लबाड समजले असते. ह्याचं मला फार वाटतं. दोघांत वैर व्हायला एवढं पुरेसं असतं.

वकीलबाईंनी प्रत्येकासाठी एक पानाचं निवेदन तयार केलं होतं. मराठीत, साध्या भाषेत. मी केव्हापासून राहतो, भाडं किती, कितव्या महिन्यापर्यंत भरलंय, डिपॉझिट किती आणि कुणाच्या हातात दिलं, माझ्याबरोबर घरात कोण कोण आहे, पोटभाडेकरू आहे का, दुरुस्ती स्वतः केली असेल तर तिचा काय ठराव झाला, लाइटचं मीटर कुणाच्या नावावर, कोर्टात काही चालू आहे का. खाली भाडेकरूची सही आणि मालकाचीही सही. मालकाची सही फार महत्त्वाची, कारण मग तो पुढं नाही म्हणू शकत नाही. आक्कांनी अंगठा न देता सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

तीन निवेदनं झाली. फ्रेमवाले मामा भेटले नाहीत. दोनदा गेले, दुकानाला कुलूप. बहिणीच्या दुखवट्याला गडहिंग्लजला गेले होते. मालक म्हणाले, "त्येंचं काय हाय, बावीसशे भाडं, डिपॉझिट न्हाई, सरळ माणूस." मालकी तपासायला तीस वर्षांच्या कागदांचा सर्च झाला होता, पेपरात जाहीर नोटीस देऊन झाली होती, घरफाळ्याची थकबाकी भरून घेतली होती, कारण ती मिळकतीवरच चढते. बँकेकडूनही घाई चालली होती. मी म्हटलं, एकासाठी थांबायला नको. १७ ऑक्टोबर २०२३ ला खरेदीखत झालं.

किमतीतून ९३ हजार वजा केले, सत्तर हजार दोन डिपॉझिटांचे आणि तेवीस हजार फरशीचे. हे वजा करून घ्यायचंच. डिपॉझिट घेतलं जुन्या मालकानं, पण भाडेकरू जाताना मागणार तुमच्याकडं. ऑक्टोबरचं भाडं सतरा तारखेपर्यंत त्यांचं, पुढचं माझं. आधीची थकबाकी आपोआप नव्या मालकाकडं येत नाही, खरेदीखतात तसं वेगळं लिहून घेतलं तरच येते. आमच्याकडं कुणाची नव्हती. आणि वकीलबाईंनी एक कलम घालून घेतलं, की खरेदीखतात लिहिल्याखेरीज कुणाचं डिपॉझिट किंवा देणं निघालं तर विकणार भरून देणार. मला तेव्हा ते उगीच वाढवलेलं वाटलं होतं.

खरेदीच्याच दिवशी एक काम करायला हवं होतं आणि मी ते दिवाळीवर ढकललं. दोन्ही मालकांच्या सहीचं पत्र प्रत्येक भाडेकरूला द्यायचं असतं, की अमुक तारखेपासून घर यांच्या नावावर झालंय, भाडं यांना द्या. वकील त्याला अ‍ॅटर्नमेंट लेटर म्हणतात. ते मिळेपर्यंत भाडेकरूनं सवयीप्रमाणं जुन्या मालकाला भाडं दिलं तर ते दिल्यातच जमा, त्याच्याकडं पुन्हा मागता येत नाही. झेरॉक्सवाल्यानं नोव्हेंबरचे सहा हजार जुन्या मालकाच्या फोनवर पाठवले. ते परत मिळाले, पण तीन वेळा आठवण करून.

पाडव्याच्या दिवशी फ्रेमवाले मामा घरी आले. बरोबर करंज्यांचा डबा आणि २००९ ची एक डायरी. डायरीत एका पानावर लिहिलं होतं, दुकानगाळ्यापोटी डिपॉझिट रुपये पंचाहत्तर हजार मिळाले, आणि खाली सही जुन्या मालकांच्या थोरल्या भावाची. ते भाऊ आता हयात नाहीत. मामांनी पासबुकही आणलं होतं, त्याच दिवशी पंचाहत्तर हजार काढल्याची नोंद. "मी कुटं जात न्हाई ताई," मामा म्हणाले, "पर तुमास्नी ठावं असावं."

माझ्या पोटात खड्डा पडला. मालकांनी आधी साफ नाही म्हटलं. मग म्हणाले, भावानं घेतले असतील, मला एक पैसा मिळाला नाही. वकीलबाईंनी ते कलम दाखवून नोटीस पाठवली. तीन महिने गेले. शेवटी त्यांनी चाळीस हजार दिले आणि उरलेल्यासाठी हात वर केले. दावा लावता आला असता. मी नाही लावला. पस्तीस हजारांसाठी किती वर्षं जातील ते मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मी मामांची चार दिवस वाट बघितली असती तर ही रक्कम खरेदीच्या आधीच वजा झाली असती. मामांना मी पूर्ण पंचाहत्तर हजारांचं लिहून दिलं. तुम्ही पैसे मालकांच्या भावाच्या हातात दिलेत म्हणून ते बुडाले, असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

तेव्हा एक माणूस जरी राहिला तरी थांबा. दुकान बंद असेल तर त्याच्या गावाला जा. गडहिंग्लज काही लांब नाही.

मामांच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या दोन्ही गाळ्यांचे भाडेकरार २०२४ च्या उन्हाळ्यात रीतसर लिहून रजिस्टर केले. त्याच उन्हाळ्यात छप्पर उतरवलं. आक्कांच्या खोलीवर तीन पावसाळे प्लॅस्टिकचा कागद होता. जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, भाडे कायद्याच्या १४ व्या कलमातच तसं लिहिलंय. मालकानं केलं नाही तर भाडेकरू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. आक्कांच्या ३१० च्या पाव हिश्श्यात वर्षभरात हजार रुपयेही होत नाहीत. त्यात कुठली कौलं बसणार? म्हणून जुन्या घरांत पावसाळ्यामागून पावसाळे गळत राहतात आणि मालक-भाडेकरू एकमेकांकडं बघत बसतात. मला एक लाख पस्तीस हजार खर्च आला. नव्या मालकानं पहिल्या वर्षी हा खर्च धरूनच घर घ्यावं असं मला वाटतं.

मसाल्याच्या दुकानाचं काय झालं, असं सगळेच विचारतात. झेरॉक्सच्या गाळ्यावर माझा डोळा होता हे मी लपवत नाही. पण तिथं तो पोरगा कष्टानं उभा राहिलाय, आणि कोर्टाची वाट धरली तर खालच्या कोर्टापासून वरपर्यंत जायची तयारी हवी. पूर्वी त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागायच्या. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, त्यानं आपल्या भागातल्या लोकांची मोठी सोय झालीय. तरीही सोय झाली म्हणून दावा लावावा असं काही माझ्या मनाला वाटलं नाही. परड्यातली खोली रिकामी होती, ती साफ करून तिथं ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती लावली, मसाला कुटायचा डंख बसवला. विक्री झेरॉक्सच्या दुकानातूनही होते, त्याच्या काउंटरवर माझ्या पुड्या असतात आणि प्रत्येक पुडीमागं त्याला वाटा.

पावत्यांचं एक सांगायचं राहिलं. भाडं घेतलं की पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, फोनवर भरलं तरी. नोव्हेंबर २०२३ ची पहिली पावती लिहायला मी आक्कांकडं बसले आणि नावाच्या ओळीपाशी थांबले. आक्कांचे यजमान जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण पावती अजून त्यांच्याच नावानं निघायची. एजंटनं मला मुद्दाम बजावलं होतं, तिचं नाव लिहू नका, लिहिलं की तिचा हक्क कबूल केल्यासारखं होतं. वकीलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कबूल केल्यासारखं होतं हे खरं आहे. पण हक्क आहे हेही खरं आहे. मग काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

मी आक्कांचं पूर्ण नाव विचारलं आणि तेच लिहिलं. त्यांनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली, बोटानं स्वतःचं नाव चाचपलं आणि डबा उघडून तारेत ओवली. आता तार वरपर्यंत भरलीय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जाताना गुजरीतून नवी तार घेऊन जायचीय.